फोन 'रूट' करण्याआधी घरच्यांना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुना फोन वेगात चालवायच्या युक्त्या छापून आल्या होत्या. बहुतेक युक्त्या चांगल्या होत्या. पण शेवटी एक वाक्य होतं की, याहून जास्त काही हवं असेल तर फोन रूट करता येतो, म्हणजे कंपनीनं बंद ठेवलेला त्याचा पूर्ण ताबा घेता येतो, मात्र ते स्वतःच्या जबाबदारीवर करावं. त्या 'स्वतःच्या' शब्दापाशी मी अडलो. पुरवणी काउंटरवर तशीच उघडी राहिली आणि रात्री शटर ओढल्यावर हे पत्र लिहायला घेतलं.

घाटंजी तालुक्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २०११ पासून डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा जॅक बसवणं, पाण्यात पडलेला फोन सुकवून उठवणं हेच माझं काम. गिऱ्हाइकांत कास्तकार जास्त. त्यांच्याकडे फोन एकाचा नसतो, घराचा असतो. त्या एकाच फोनवर म्हाताऱ्याच्या खात्याचे मेसेज येतात, सुनेच्या लाडक्या बहिणीचा ओटीपी येतो, पी. एम. किसानचे २००० पडले की नाही ते कळतं, ई-पीक पाहणीचा फोटो त्यातूनच चढतो. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवरची नोंदणीही त्यातच. असा फोन रूट केला तर जबाबदारी नेमकी कोणाची? करतं बहुतेक वेळा घरातलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं. भोगावं लागतं सगळ्यांना.

मागच्या हंगामात वेचणी जोरात असताना, बाजाराच्या दिवशी, आमच्या ओळखीचे एक काकाजी दुकानात आले. वय ६४, सहा एकर वावर, पराटी (कपाशी) आणि तूर. मुलगा-सून बुटीबोरीला कंपनीत, बारावीतला नातू इथे आजोबाजवळ. बाजाराच्या दिवशी वेचणीच्या बायांचा हप्त्याचा हिशेब चुकवावा लागतो. दुकानाबाहेर तिघी जणी पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"भाऊ, पाय बरं, पैशाचं अ‍ॅप उघडूनच नाही राहिलं. बाया उभ्या आहेत."

अ‍ॅपवर बोट ठेवलं की सूचना यायची, या फोनच्या सुरक्षेत बदल झालेला आहे, अ‍ॅप चालणार नाही. मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. कंपनीचं नाव येण्याच्या आधी काळ्या पडद्यावर नारिंगी खूण आणि तीन-चार ओळींचा इशारा आला. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं सगळ्यात पहिलं सॉफ्टवेअर, उघडलेला आहे, आतल्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही, असा त्याचा अर्थ. पाच सेकंद तो इशारा राहिला आणि मग फोन नेहमीसारखा सुरू झाला. ही पाच सेकंद काकाजींच्या घरी रोज दिसत असणार. इंग्रजी आहे म्हणून कोणी वाचलं नसेल.

"काकाजी, याले रूट कोनं केलं?"

"रूट म्हंजे काय गा?"

मी त्यांना बाजार समितीचं उदाहरण दिलं. यार्डात प्रत्येक अडत्याचा गाळा वेगळा, कुलूप वेगळं. एकाच्या गाळ्यात काय माल आहे ते शेजारच्याला दिसत नाही. अँड्रॉइड फोन तसाच बांधलेला आहे. तो ज्या लिनक्स नावाच्या मूळ सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्याचं काम लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलं. एकाच संगणकावर अनेक माणसं काम करू शकतील आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली असेल, अशी त्याची रचना. अँड्रॉइडनं प्रत्येक अ‍ॅपलाच एक वेगळा माणूस मानलं आणि त्याला त्याचा गाळा दिला. म्हणून गेमला बँकेच्या अ‍ॅपमधलं काही वाचता येत नाही. लिनक्समध्ये एकच खातं असं असतं की ज्याला कुठलीच हद्द नसते. त्या खात्याचं नाव रूट. कंपनी फोन विकताना त्याची किल्ली मालकालाही देत नाही. रूट करणं म्हणजे ती किल्ली काढून घेणं, आणि ती सगळ्याच गाळ्यांना लागते.

काकाजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग माह्या गाळ्याची किल्ली आता कोनाजवळ हाय?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हतं.

नातवानं दुसऱ्या गावच्या एका दुकानात ३०० रुपये देऊन हे करून आणलं होतं. फोन अटकत होता, गेम चालत नव्हता, कंपनीनं आधीच भरून दिलेली अ‍ॅप निघत नव्हती. पोरानं व्हिडिओ पाहिला आणि गेला. बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. ते पुसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. चोरलेला फोन कोणी उघडला तर आतला मजकूर त्याच्या हाती लागू नये, हा त्यामागचा हेतू. पण काकाजींच्या घरी बॅकअप कधी चालूच केलेला नव्हता.

"तुह्या काकीचे फोटू होते त्याच्यात," ते म्हणाले. "लग्नातला एक सोडला तं बाकी सारे फोनमंदीच होते."

काकी दोन वर्षांपूर्वी वारल्या. अतिवृष्टीत खरडून गेलेल्या धुऱ्याचे फोटो गेले, खताच्या पावत्यांचे गेले, ते तरी कुठून ना कुठून मिळवता येतील. काकींचे कुठून आणायचे? मी नव्या फोनांतला पुसलेला डेटा परत काढून देऊ शकत नाही, कारण तो कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो आणि पुसताना त्याची किल्लीच नष्ट होते. तसं सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या दिवशी मी फोन ठेवून घ्यायला हवा होता. दुकानात गर्दी होती. बायांचे पैसे मी माझ्या खात्यातून टाकले आणि काकाजींना म्हटलं, सोमवारी आणा, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकून देतो. सोमवारी ते आले नाहीत. अ‍ॅप पुन्हा चालायला लागलं होतं.

ते कसं चाललं, हे बारा दिवसांनी कळलं. काकाजी बँकेत पासबुकात एन्ट्री मारायला गेले, तेव्हा खात्यातून २३,४०० रुपये गेलेले दिसले. तीन व्यवहार, एकाच रात्री, चार दिवसांपूर्वीचे. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे होते ते. फोनवर एकही मेसेज नव्हता. बँक म्हणते पाठवले होते.

या वेळी नातू सोबत आला. मान खाली. मी फोनमधलं मॅजिस्क नावाचं अ‍ॅप उघडलं. रूटची किल्ली कोणाला द्यायची हे त्यातून ठरतं, आणि किल्ली कोणी कधी वापरली याची वहीही त्यातच राहते. २०१६ पासून ते चालत आलं आहे, स्वतः ते काही लबाडीचं अ‍ॅप नाही. यादीत तीन नावं होती. एक फोन साफ करण्याचं. एक गेममध्ये फुकट हिरे मिळवून देणारं. तिसऱ्याला धड चित्र नव्हतं, राखाडी चौकोन, नाव असं की वाटावं फोनचाच भाग आहे. तिघांपुढेही 'कायमची परवानगी'. वही उघडली तर तिसऱ्यानं किल्ली वापरल्याच्या नोंदी एकाखाली एक होत्या, रात्री २ वाजून १४ मिनिटांपासून पुढच्या. त्या वेळी काकाजी ओलिताला वावरात गेले होते आणि फोन घरी चार्जिंगला होता.

"दादा, मी तं अ‍ॅप चालू व्हावं म्हणून केलं," पोरगं म्हणालं. "रूट लपवायची फाइल एका ग्रुपवर भेटली. तिनं परवानगी मागितली, मी दाबलं."

त्याला आजोबांची अडचण सोडवायची होती, हे मी इथे मुद्दाम लिहितो. बायांचे पैसे अडकले, ते आपल्यामुळे, म्हणून रात्रभर जागून त्यानं तो उपाय शोधला. पैशाच्या अ‍ॅपनं जे दार लावून घेतलं होतं, तेच त्यानं पुन्हा उघडलं. ती अ‍ॅप दार लावतात त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेबद्दल जे निर्देश काढले, त्यात रूट केलेला फोन ओळखून त्यावर अ‍ॅप चालू न देण्याची सोय बँकांनी तपासून बघावी, असं म्हटलेलं आहे. ती सूचना आली की आमच्याकडे लोक म्हणतात अ‍ॅप बिघडलं. अ‍ॅप बिघडलेलं नसतं, ते आपलं काम करत असतं.

रूट मिळालेलं लबाड अ‍ॅप काय करू शकतं? आलेला मेसेज वाचतं आणि तुम्ही बघायच्या आत खोडतं. पडद्यावर बोट कुठे पडलं ते टिपतं. दुसऱ्या अ‍ॅपनं जपून ठेवलेलं उचलतं. स्वतःला फोनच्या मूळ भागात नेऊन बसवतं, मग नेहमीसारखं काढायला गेलात तर निघत नाही. २०१६ मध्ये हमिंगबॅड नावाचा व्हायरस जगभरातल्या सुमारे १ कोटी अँड्रॉइड फोनांत शिरला होता, आणि सगळ्यात जास्त फोन चीन आणि भारतातले होते. फोनमध्ये शिरल्यावर त्याचा पहिला प्रयत्न कशाचा असायचा, तर फोन रूट करण्याचा. त्याच वर्षी गूलिगन आला, त्यानंही तसंच करून १० लाखांवर गूगल खाती ताब्यात घेतली. चोरांना जे आधी फोडावं लागत होतं, ते आम्ही ३०० रुपयांत आमच्या हातानं फोडून ठेवतो.

आम्ही म्हणतो, कारण मीही ते केलेलं आहे. २०१२-१३ मध्ये मी दोनशे-दोनशे रुपयांत फोन रूट करून द्यायचो. तेव्हा अँड्रॉइड २.३ चे फोन होते, त्यांतल्या बऱ्याच फोनांत मराठी मजकूर आला की नुसत्या चौकटी दिसायच्या. देवनागरी फॉन्ट टाकायचा तर रूट करावंच लागे. आतली जागा इतकी कमी की चार अ‍ॅप टाकली की फोन भरला. ती पूर्णपणे मेमरी कार्डावर सरकवायची तरी रूट लागे. लोक आपली भाषा फोनवर पाहून खुश व्हायचे आणि मलाही अभिमान वाटायचा. पण त्या फोनांत होतं काय? गाणी, फोटो, नंबर. बिघडला तर फोन बिघडला. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यानंतर हळूहळू पासबुक फोनात आलं, सातबारा आला, कापसाची नोंदणी आली. रूट करण्याची पद्धत तीच राहिली, पण आता फोनाच्या आत घर आहे. मी हे काम सहा-सात वर्षांपूर्वी बंद केलं. तालुक्यात अजून चालू आहे.

पैशांचं पुढे काय झालं तेही लिहितो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, तक्रार नोंदवली, सायबर पोर्टलवरही टाकली. बँकेच्या शाखेत उत्तर मिळालं, फोनशी तुम्हीच छेडछाड केलेली आहे, हयगय तुमची. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी लबाडी केली, आणि ग्राहकानं बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य धरायचं. पण हयगय ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, कळवल्यानंतरचं बँकेचं. काकाजींना सूचना दिसलीच नाही, कारण ती खोडली गेली. याला हयगय म्हणायचं का, हा वाद आम्ही लेखी अर्जात मांडला आहे. अजून पैसे परत आलेले नाहीत. तूर विकून त्यांनी खताची उधारी फेडली.

माझ्या धंद्यातल्या भावांना या पत्रातून हात जोडून सांगतो. पोरगं फोन घेऊन आलं तर आधी विचारा, याच्यात कोणाचं खातं आहे? घरच्या मोठ्या माणसाला फोन लावा. सॅमसंगच्या अनेक फोनांत बूटलोडर उघडून बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की आतला एक फ्यूज कायमचा उडतो, मग मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत, हे गिऱ्हाइकाला सांगा. दुसऱ्या मॉडेलची फाइल टाकल्यावर फोन लोगोवरच फिरत राहतो, हे आपल्याला माहीत असतं. त्यालाही माहीत असू द्या. आणि रूट काढायचं म्हणून मूळ सॉफ्टवेअर नीट न टाकताच बूटलोडर परत लॉक करू नका, दोन फोन असे मेलेले माझ्याकडे आले आहेत. हप्ता थकला म्हणून लॉक झालेला फोन खोलून देण्यासाठी हे करणाऱ्यांना तर मी काही सांगूच शकत नाही, ते सरळ गुन्ह्याच्या वाटेवर आहेत.

बाजारात जुना फोन घेणाऱ्यांनी एवढं करावं. विकणाऱ्यासमोर फोन बंद करून चालू करा आणि पहिली पाच-दहा सेकंद डोळे पडद्यावर ठेवा. नारिंगी इशारा किंवा उघड्या कुलपाचं चित्र दिसलं तर तो फोन पैशाच्या व्यवहाराला घेऊ नका. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडलं की प्ले प्रोटेक्टखाली फोन 'सर्टिफाइड' आहे की नाही ते लिहिलेलं असतं. 'नाही' असेल तर परत करा. मात्र 'आहे' दिसलं म्हणून पूर्ण भरवसा नको, रूट लपवणारे तेही लपवू शकतात. घरी आणल्यावर आधी फॅक्टरी रीसेट, मगच सिम.

फोन अटकतो म्हणूनच रूट करायचा असेल, तर त्याची गरज बहुतेक वेळा नसते. काउंटरवर येणाऱ्या दहातल्या सात-आठ फोनांत व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओच जागा खाऊन बसलेले असतात. नको ती अ‍ॅप सेटिंग्जमधून बंद करता येतात. जी बंद होत नाहीत, ती संगणकाला केबल जोडून रूट न करताही त्या फोनच्या वापरातून हटवता येतात. मी ते ५० रुपयांत करतो. पुरवणीत हे आलं असतं तर बरं झालं असतं.

शिकणाऱ्या पोरांना माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. फोनमधलं सॉफ्टवेअर उघडून बघावंसं वाटणं चांगलं आहे, त्यातूनच पुढे कोणी मोठं काम करेल. माझ्या दुकानात भंगारातून सुटलेले, फुटक्या काचेचे पण चालू असलेले फोन पडून असतात. काकाजींचा नातू आता रविवारी येतो. सिम नसलेल्या, कुठलंच खातं नसलेल्या एका जुन्या फोनवर त्यानं परवा लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडचीच एक मोफत, खुली आवृत्ती, चढवून दाखवलं. दोन वेळा फोन लोगोवर अडकला, तिसऱ्यांदा उठला. त्यावर तो काय वाटेल ते करू दे.

काकाजींचा फोन मी मूळ सॉफ्टवेअर टाकून, बूटलोडर लॉक करून दिला आहे. नातेवाइकांच्या फोनांतून काकींचे सात फोटो आतापर्यंत गोळा झाले; ते एका मेमरी कार्डावर घेतले आणि दोन फोटो यवतमाळहून मोठे करून आणले.

आपल्याला विनंती एवढीच. फोनच्या युक्त्या पुन्हा छापाल तेव्हा रूटच्या त्या ओळीतून 'स्वतःच्या जबाबदारीवर' हे शब्द काढा. त्याऐवजी छापा, 'हा फोन ज्यांच्या ज्यांच्या कामाचा आहे, त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय करू नये.' आणि त्याच चौकटीत १९३० हा आकडा ठळक टाका. काकाजींना तो पासबुकावरच्या तारखा दाखवल्यावर, पाचव्या दिवशी माझ्याकडून कळला.

कळावे,
आपला वाचक,
मोबाइल दुरुस्ती करणारा एक दुकानदार
ता. घाटंजी, जि. यवतमाळ